५१ हजारांचा नारळ

आमच्या देवस्थानच्या खतावणीत एक ओळ आहे. 'पावणी, नारळ नग १, रु. ५१,०००, येणे.' यंदाच्या एप्रिलात ती मी पाचव्यांदा नव्या वहीत उतरवली. समोर नावही आहे. ते इथे लिहीत नाही, कारण माणूस आमच्याच मतदारसंघातला आहे, रस्त्यात भेटला की अजून 'भाई' म्हणून हाक मारतो, आणि मला याच गावात राहायचं आहे.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. पावणी म्हणजे देवळातला लिलाव. जत्रेच्या रात्री पालखी फिरून आली, आरत्या झाल्या, की देवीला आलेले केळीचे घड, नारळ, फळं, लुगडी सभामंडपात मांडतात आणि बोली लागते. वस्तूची किंमत कोणी बघत नाही, प्रसाद म्हणून घरी न्यायची असते. अर्धी केळी काळी पडलेला घड हजाराला जातो आणि घेणारा तो खांद्यावर टाकून हसत घरी जातो. आमच्याकडे पावणी म्हणायला एक निवृत्त बस कंडक्टर आहेत. त्यांना माइक लागत नाही.

२०२१ ची जत्रा म्हणजे कोरोनानंतरची पहिलीच धड जत्रा. आणि पुढच्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक. त्या रात्री साडेबाराच्या सुमारास इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक इच्छुक उमेदवार दहा-बारा पोरांसह मंडपात आले. पोरांच्या हातात मोबाइल, कॅमेरे चालू. नारळ पुढे आला. साधा नारळ, शेंडीला हळदकुंकू, एका बाजूला सालीवर काळा डाग. एरवी दोन हजारांच्या वर जात नाही. अकराशेपासून बोली सुरू झाली. मंडपाच्या दुसऱ्या खांबाशी दुसऱ्या इच्छुकाचा भाऊ उभा होता, तोही हटेना. दहा, पंधरा, पंचवीस. गावची माणसं केव्हाच गप्प झाली होती, बायका नथ सावरत टेनिसची मॅच बघावी तशा माना फिरवत होत्या. पन्नासवर भाऊ थांबला. 'एक्कावन्न हजार एक वार, दोन वार...' तिसऱ्या वाराला टाळ्या, शिट्ट्या, देवीचा जयजयकार. साहेबांनी नारळ कपाळाला लावला, तो फोटो पहाटे चारच्या आत सगळ्या ग्रुपांवर.

मी खजिनदार. पावतीपुस्तक घेऊन गेलो.

'पावती नाका भाई, देवाक दिल्लें न्हय?'

म्हटलं, पावती तर मी फाडणारच, पण पैसे? म्हणाले, सोमवारी पोरगा घेऊन येईल. त्यानंतर बरेच सोमवार गेले.

मी फोंड्याच्या वरच्या बाजारात पहिल्या मजल्यावर ३६ वर्षं आयकराची कामं केली. सुपारीचे व्यापारी, काजूचे कारखानदार, ट्रकमालक, एकदोन डॉक्टर, आणि अधूनमधून एखादा पंच, एखादा नगरसेवक. तेवढ्या वर्षांत 'पावती नको' म्हणणारी माणसं मी दोन जातींची पाहिली. एक म्हणजे पदराच्या गाठीतली वीसची नोट फंडपेटीत टाकणारी म्हातारी. तिला पावतीचं काय करायचं असतं? दुसरा म्हणजे ज्याला पावतीची भीती वाटते तो. पावतीवर तारीख पडते, नाव पडतं, रक्कम आकड्यात आणि अक्षरात पडते. उद्या कोणी विचारलं की एवढे कुठून आले, तर उत्तर द्यावं लागतं. आता तर ८०-जी ची सवलत (म्हणजे देणगीदाराला आयकरात मिळणारी सूट) देणाऱ्या संस्थांना २०२१-२२ पासून प्रत्येक देणगीदाराचा पॅन किंवा आधार घेऊन यादी आयकर खात्याकडे चढवावी लागते, आणि दोन हजारांवर रोख दिलेत तर सवलतच नाही. (नवा आयकर कायदा यंदा १ एप्रिलपासून लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. माझ्या डोक्यात जुनेच बसलेत, तेच वापरतो. साठी उलटलेल्याला एवढी सूट द्या.)

आमच्या देवळाला ८०-जी नाही. त्यामुळे साहेबांना सवलतीचा मोह नव्हता हे मान्य. पण पैसेही नव्हते.

जानेवारी २०२२ मध्ये अर्ज भरले गेले तेव्हा एका संध्याकाळी मी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून आमच्या मतदारसंघातल्या सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं उतरवून घेतली. लोक मालिका बघतात, मी हे बघतो. घरच्यांनी माझा नाद सोडलाय.

या कागदाचं नाव फॉर्म २६. तो आपल्याला सहजी मिळालेला नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराची मालमत्ता, देणी, गुन्हे, शिक्षण हे जाणून घेणं मतदाराचा हक्क आहे. त्यावर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एकत्र आले आणि संसदेत त्यातून सुटकेची वाट काढणारी दुरुस्ती केली. २००३ मध्ये न्यायालयाने ती वाटही बुजवली. पुढे २०१९ पासून आयकर विवरणपत्रात दाखवलेलं पाच वर्षांचं उत्पन्न लिहिणं आलं, स्वतःचं, जोडीदाराचं, अवलंबून असलेल्यांचं. एकाखाली एक पाच आकडे. कोणाचे कसे वाढत गेले ते बघताना मला जुन्या अशिलांच्या फाइली आठवतात.

पण धंद्यातल्या माणसाला खटकते ती गोष्ट अशी. त्या फॉर्मात सरकारी देण्यांसाठी सविस्तर जागा आहे. सरकारी निवासाचं भाडं थकलंय का, पाणी, वीज, टेलिफोन थकलाय का, सरकारी विमान आणि हेलिकॉप्टर वापरल्याचे पैसे थकलेत का (आमच्या पंचायतीतून वर आलेला माणूस हे वाचून गालात हसत असणार), घरपट्टी थकली का, आयकर थकलाय का. म्हणजे न भरलेल्या कराला रकाना आहे, भरलेल्या कराला नाही. वर्षाला किती आयकर भरला हे कुठेच लिहायचं नाही. आणि स्वतःच्या खिशातून कोणाला किती दिलं, याचा तर विषयच नाही.

उत्पन्न दिलंय म्हणजे कर काढता येईल, असं कोणी म्हणेल. नाही येत. शेतीचं उत्पन्न करमुक्त, ते विवरणपत्रातल्या एकूण उत्पन्नात धरलं जात नाही. गोव्यातल्या अर्ध्या पुढाऱ्यांकडे कुळागर असतं. माड, पोफळी, मिरी, केळी. त्यातून किती येतं हे देव जाणे आणि माडावर चढून नारळ पाडणारा पाडेली जाणे. कोणी जुन्या पद्धतीने कर भरतो, कोणी नव्या, कोणाला मागच्या वर्षीचा तोटा वजा करायचा असतो. आकड्यावरून कर ओळखणं म्हणजे पालखीच्या गोंड्यावरून देवळाचं उत्पन्न ओळखणं.

इथे एक गोव्याची गंमत सांगतोच. कुडाळचा माझा मावसभाऊ त्याच सुमारास हीच प्रतिज्ञापत्रं वाचत होता. रात्री दहाला फोन. 'अरे, तुमच्याकडे सगळ्या आमदारांच्या बायका नवऱ्याएवढंच कमावतात की काय? रुपयाला रुपया जुळतोय!' त्याला वाटलं घोटाळा सापडला. मी म्हटलं, बाबा, हा घोटाळा नाही, हे कलम ५-ए. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून चालते, लग्न झालं की मालमत्ता सामाईक. म्हणून पगार सोडला तर घरभाडं, धंदा, भांडवली नफा, व्याज, सगळं उत्पन्न नवराबायकोत अर्धं अर्धं वाटून दोघांच्या विवरणपत्रात जातं. वीस लाखांचा धंदा असेल तर दहा त्याच्या नावावर, दहा तिच्या. मग दोघांनाही खालचा दर. पंचायतीत कोणत्या ठरावावर सही करतेय हे बायकोला माहीत नसतं तसंच या दहा लाखांचंही असतं, पण तो वेगळा विषय. तर गोव्यातल्या उमेदवाराचं उत्पन्न वाचताना बायकोचा आकडा मिळवूनच वाचावा. भाऊ हिरमुसला.

याच्या अगदी उलट अमेरिका. तिथले अध्यक्षपदाचे उमेदवार आपलं अख्खं विवरणपत्र लोकांपुढे टाकत आले. कायद्याने नव्हे, पायंड्याने. तो पायंडा पाडणारा माणूस रिचर्ड निक्सन, आणि त्याची कथा मी नव्या मुलांना कायम सांगत आलो. निक्सनने उपाध्यक्षपदाच्या काळातले आपले कागदपत्र राष्ट्रीय अभिलेखागाराला दान दिल्याचं दाखवलं, किंमत लावली ५ लाख ७६ हजार डॉलर, आणि त्यापोटी वर्षानुवर्षं वजावट घेतली. १९७० मध्ये त्याने आयकर भरला ७९२ डॉलर. दोन लाखांहून जास्त उत्पन्न असलेल्या राष्ट्राध्यक्षाने! अडचण एवढीच होती की अशा दानावरची सवलत २५ जुलै १९६९ नंतर कायद्याने बंद झाली होती आणि दानपत्रावर त्याआधीची तारीख नंतर टाकली होती. 'मी लबाड माणूस नाही' हे त्याचं गाजलेलं वाक्य, १९७३ च्या नोव्हेंबरातलं, आपल्याकडे सगळे वॉटरगेटला, म्हणजे ज्या भानगडीत त्याचं पद गेलं तिला, चिकटवतात. तो बोलत होता स्वतःच्या पैशाअडक्याबद्दल. शेवटी व्याजासह पावणेपाच लाख डॉलरच्या आसपास देणं निघालं. आणि दानपत्रावर त्याच्या वतीने सही करणारा वकील तुरुंगात गेला. हा शेवटचा भाग सांगताना मी हाताखाली शिकणाऱ्या पोरांकडे मुद्दाम चष्म्यावरून बघत असे.

त्यानंतर विवरणपत्रं बाहेर येऊ लागली आणि लोकांना करमणूक मिळाली. बिल क्लिंटन आर्कान्सॉचे गव्हर्नर असताना त्यांनी जुन्या अंडरपँट दान करून नगाला दोन डॉलर वजावट घेतल्याचं निघालं. उपाध्यक्ष अल गोर यांच्या घरातून १९९७ मध्ये, दोन लाखांच्या घरात उत्पन्न असताना, दान गेलं ३५३ डॉलर. जो बायडन २००८ मध्ये उपाध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा त्यांनी दहा वर्षांची विवरणपत्रं खुली केली. दहा वर्षांचं मिळून दान ३,६९० डॉलर. त्याच महिन्यात ते सांगत होते की श्रीमंतांनी जास्त कर भरणं ही देशभक्ती आहे. दुसरीकडे, सरकारने लोकांच्या खिशात हात घालू नये म्हणणाऱ्या पक्षाचे उपाध्यक्ष डिक चेनी. २००५ मध्ये त्यांच्या घरचं उत्पन्न ८८ लाख डॉलर आणि त्यातून दान सुमारे ६९ लाख.

ही यादी वाचून विरोधी पक्षाचे लोक 'ढोंगी, ढोंगी' म्हणून ओरडले, आणि इथेच माझं त्यांच्याशी जुळत नाही. गोर, बायडन यांचं म्हणणं काय होतं? गरिबाची सोय सरकारने करावी, त्यासाठी सगळ्यांकडून कर घ्यावा. दारोदार दान मागून ती होणार नाही. असं म्हणणाऱ्याने स्वतः दान कमी केलं तर त्याला चिक्कू म्हणा, हवं तर महाचिक्कू म्हणा. बोलणं मात्र त्याने मोडलेलं नाही. ज्याचं म्हणणं आहे की सरकार बाजूला होऊ दे, समाज आपल्या माणसांना सांभाळेल, त्याच्यावर दानाची जबाबदारी जास्त येते, कारण समाज म्हणजे तोच. चेनींनी त्या वर्षी तरी ती पाळली. बाकी त्यांच्याबद्दल माझं मत काही चांगलं नाही, पण खतावणीत जे आहे ते आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्यात तर विवरणपत्रातच एक पर्याय असतो. नेहमीचा दर ५ टक्क्यांच्या आसपास, पण वाटलं तर ५.८५ टक्क्यांनी भरा. २०१२ मध्ये श्रीमंतांवर कर वाढवा म्हणणाऱ्या तिथल्या सिनेटच्या उमेदवार एलिझाबेथ वॉरन यांना विचारलं गेलं, तुम्ही जास्तीच्या दराने भरता का? नाही भरत, म्हणाल्या. मोठा गदारोळ झाला. मला वाटतं उगाच. आमच्या फेरीबोटीत माणसाला आणि दुचाकीला पैसे पडत नाहीत. मी म्हणतो पडावेत, निदान पाच रुपये. म्हणून रोज पलीकडे जाताना मी एकट्यानेच खलाशाच्या हातावर पाच रुपये ठेवायचे काय? त्याने बोटीचं इंजिन नीट होणार नाही, खलाशाचा चहा होईल.

यातलं खरं मजेदार प्रकरण २०१२ चे अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांचं. हे गृहस्थ म्हणत, देय आहे त्याहून जास्त कर भरणारा माणूस अध्यक्ष व्हायच्या लायकीचा नाही. हिशेबी माणूस, मला बोलणं पटलं होतं. पण दर वर्षी किमान १३ टक्के कर भरलाय असंही ते बोलून बसले होते. २०११ मध्ये उत्पन्न १ कोटी ३७ लाख डॉलर, दान ४० लाख. सगळं दान वजा केलं तर कर १३ टक्क्यांच्या खाली जातो! मग त्यांनी दानातले साडेबावीस लाखच दाखवले, बाकीच्याची वजावट सोडली आणि १४.१ टक्के कर भरला. म्हणजे एक बोल राखायला दुसरा मोडला. माझ्या धंद्यात अशील येऊन 'भाई, कर थोडा वाढवता येईल काय' असं म्हणाला असता तर मी आधी त्याला पाणी दिलं असतं.

डोनाल्ड ट्रम्प यांनी तो पायंडा मोडला. मग २०२२ च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहाच्या समितीनेच त्यांची विवरणपत्रं बाहेर काढली. पगार दान करतो म्हणणाऱ्या या अध्यक्षांच्या २०२० च्या विवरणात धर्मादाय देणगीचा आकडा शून्य होता. नॉर्वेमध्ये तर कोणाही नागरिकाचं उत्पन्न आणि कर बघता येतो, फक्त २०१४ पासून कोणी बघितलं हे त्या माणसाला कळतं. आमच्या वाड्यावर ही सोय आली तर पहिल्याच दिवशी सगळ्यांचं सगळ्यांना कळेल आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) कोणी कोणाकडे जाणार नाही.

आता स्वतःकडे येतो. ३१ मार्चच्या आधीचे आठ दिवस माझ्या कचेरीत एकच प्रश्न असायचा, 'भाई, खंयची पावती मेळत काय?' दान करायचं नसायचं, पावती हवी असायची. १९९० च्या दशकात एका वर्षी मी स्वतःसाठीच ते केलं. एका संस्थेला ५०० रुपये दिले आणि ५,००० ची पावती आणली. वाचले असतील सातआठशे रुपये. मुलीच्या शाळेची फी भरायची होती, हे कारण तेव्हा पुरेसं वाटलं होतं. ती पावती मी फाडून टाकली नाही, अजून जुन्या फाइलीत आहे, पिवळी पडलेली. म्हणून पुढाऱ्यांबद्दल लिहिताना आवाज फार चढवू नये असं मी ठरवतो आणि मग चढतोच.

कारण बघा ना. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला, म्हणजे अनाथाश्रमाला, डायलिसिस केंद्राला तुम्ही पैसे दिलेत तर बहुतेक ठिकाणी निम्म्या रकमेवर सवलत, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. राजकीय पक्षाला दिलेत तर पूर्ण रकमेवर, आणि मर्यादा नाही. कलम ८०-जीजीसी. दोन्ही सवलती फक्त जुन्या पद्धतीत. कायदा करणारे कोण, हे मी सांगायला नको. पक्षाच्या नावाने देणगी घ्यायची, थोडं कापून बाकी रोखीने परत द्यायची, हा धंदा त्यावर उभा राहिला, आणि आता गेली काही वर्षं पगारदार लोकांना त्याच्या नोटिसा येतात. माझ्याकडे अशी दोन मुलं आली होती, दोन्ही औषध कंपन्यांतली. पक्षाचं नाव त्यांनाही नीट सांगता येईना.

आणि कराबद्दल म्हणाल तर उत्तर प्रदेशात १९८१ च्या कायद्यापासून २०१९ पर्यंत मंत्र्यांचा पगारावरचा आयकर सरकारी तिजोरीतून भरला जात होता. कायदा झाला तेव्हा मंत्री गरीब घरचे असतात, असं सांगितलं गेलं. त्यानंतर तिथे कोण कोण मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी प्रतिज्ञापत्रात किती संपत्ती लिहिली ते आठवा. जवळपास चाळीस वर्षं सगळे पक्ष आळीपाळीने सत्तेवर आले, एकाने हूं केलं नाही, बातमी छापून आली तेव्हा बंद झालं. मध्य प्रदेशात तशीच तरतूद १९७२ पासून होती, ती २०२४ च्या जूनमध्ये काढायचं ठरलं. 'करदात्याच्या घामाचा पैसा' हे वाक्य व्यासपीठावरून टाकणाऱ्याला विचारावं, तुमचा घाम पुसला कोणी?

आमच्याकडे ढोंग वेगळ्या जातीचं आहे. अमेरिकेतले पुढारी निदान कर वाढवा, कर कमी करा असं काहीतरी म्हणतात आणि मग पकडले जातात. आमच्याकडे सगळ्या पक्षांचा पुढारी एकाच भूमिकेत उभा असतो, दात्याच्या. खासदार निधी १९९३ पासून आहे, आता वर्षाला ५ कोटी. त्यातून बस थांबा होतो. पैसा तुमचामाझा. थांब्याच्या कपाळावर नाव कोणाचं? आमच्या वळणावरच्या एका थांब्यावर आतल्या बाकावर बसायला दोन माणसांची जागा आहे आणि वरच्या फलकावर तीन माणसांचे फोटो आहेत. वह्यांवर फोटो, चवथीच्या सामानाच्या पिशवीवर फोटो, शववाहिकेवरसुद्धा फोटो. यातलं स्वतःच्या खिशातून किती आणि सरकारच्या किती हे विचारलं की लोक म्हणतात, भाई, तुमका कित्याक पडलां, दिता तो घेवचो.

माझे वडील मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते, गोवा मुक्तीनंतर गावोगाव शाळा निघाल्या त्या लाटेत लागलेले. आमच्या घरात भाऊसाहेब बांदोडकरांचा फोटो देवांच्या खालोखाल. भाऊ खाणमालक, आणि राजकारणात येण्याआधीपासून देणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं, शाळांना, देवळांना, अडलेल्याला. १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले ते त्या पुण्याईवरच, असं वडील म्हणत. मी कर सल्लागार झाल्यावर एकदा जेवताना विचारलं, पण खाणीवाला मुख्यमंत्री आणि खाणीही त्याच्याच, हे बरोबर काय? वडिलांनी ताटावरून मान वर न करता सांगितलं, देताना त्यांचा हात आम्ही बघितला होता, कोणाचा खिसा ते ओळखत होतो. उत्तर पुरतं पटलं नव्हतं, अजूनही नाही. पण कोणाचा खिसा हा प्रश्न मात्र तिथूनच माझ्यात राहिला.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. फॉर्म २६ मध्ये दोन रकाने वाढवा. पाच वर्षांत भरलेला आयकर, वर्षवार. आणि पाच वर्षांत पावती घेऊन दिलेली देणगी, वर्षवार. देणगी शून्य असली तर शून्य लिहा, मी त्यासाठी मत नाकारणार नाही. गुप्तदान करणाऱ्याचं काय, असं आमचे अध्यक्ष विचारतात. त्याने लिहू नये. गुप्तदान करणाऱ्याचे फ्लेक्स नसतात, तेवढी खूण मला पुरते.

साहेबांचं प्रतिज्ञापत्र त्या संध्याकाळी मी शेवटी उघडलं. नीटनेटकं होतं, सीएचं काम दिसत होतं. जमीन, दोन गाड्या, सोनं, बायकोच्या नावावर बरोबर निम्मं. मी 'देणी' या भागावर आलो. बँकेचं कर्ज होतं, गाडीचं कर्ज होतं, सरकारी देणी निरंक, सरकारी हेलिकॉप्टरचंही काही थकलेलं नव्हतं. खासगी व्यक्ती आणि संस्थांचं देणं, तेही निरंक.

निवडून आले की पडले ते सांगत नाही, सांगितलं तर नाव सांगितल्यासारखंच होईल.

यंदा मार्चअखेरच्या सभेत मी विषय काढला की ही रक्कम बुडीत खाती टाकू या, हिशेब तपासनीस दर वर्षी बोट ठेवतो. पंचाऐंशी वर्षांचे एक महाजन (देवळाचे पिढीजात सभासद) कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोपलेत. डोळे न उघडताच म्हणाले, 'काडूं नाका. वेंचणूक (निवडणूक) येता न्हय फुडल्या वर्सा? जात्रेक येतलो तो.' सगळे हसले. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला, दीपस्तंभाचा रंग. मी नवी वही उघडली आणि पहिल्या पानावर ती ओळ परत लिहिली. नारळ नग १.